आधी गाठीची ओळख, मग सुई

पोटाची सोनोग्राफी होते आणि यकृतात गाठ दिसते. आपल्या भागात ही गोष्ट आता नेहमीची झाली आहे. चाकण, महाळुंगे, निघोजे, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांत वर्षातून एकदा तपासणी होते, नवी नोकरी धरताना मेडिकल द्यावं लागतं, मुतखड्याची कळ आली म्हणून कुणी रात्रपाळी सोडून दवाखान्यात येतो. ज्यासाठी सोनोग्राफी केली ते कारण सापडतं किंवा सापडत नाही, पण रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ असते: यकृताच्या उजव्या बाजूला इतक्या सेंटिमीटरची सिस्ट. तो कागद घेऊन माणूस फॅमिली डॉक्टरांकडे जातो आणि पुढचं बरंचसं त्या पहिल्या भेटीत ठरतं. कुणाला सांगितलं जातं, ‘काही नाही, विसरून जा.’ कुणाला लगेच सीटी आणि ट्यूमर मार्कर लिहून दिले जातात. कुणाला ‘सुईने पाणी काढून टाकू’ असं आश्वासन मिळतं. यातला प्रत्येक सल्ला एखाद्या गाठीसाठी योग्य असतो आणि दुसऱ्या एखाद्या गाठीसाठी घातक. ही पुस्तिका त्यासाठी लिहिली आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातले फॅमिली डॉक्टर, कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत बसणारे वैद्यकीय अधिकारी आणि ज्यांच्या रिपोर्टावर ती ओळ आली आहे ती माणसं, असे तिचे वाचक डोळ्यांपुढे आहेत. सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांच्यासाठी मोठे ग्रंथ आहेतच. पण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी दोनचार निर्णय होऊन गेलेले असतात, आणि चूक झालीच तर ती बहुधा तिथे झालेली असते.

सुरुवात धीर देणाऱ्या गोष्टीपासून करू. यकृतातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. प्रौढ माणसांच्या तपासण्या केल्या, तर अभ्यास कोणता आणि यंत्र कोणतं यानुसार शंभरात दोनतीन जणांपासून अठरा जणांपर्यंत अशी गाठ सापडते. ती जन्मजात घडणीतून येते, पित्तनलिकेशी तिचा संबंध नसतो, वयाबरोबर ती थोडी वाढते आणि बायकांमध्ये जास्त आढळते. सोनोग्राफीत ती आतून पूर्ण काळी दिसते, भिंत दिसेल न दिसेल इतकी पातळ असते आणि गाठीमागचा भाग उजळ दिसतो. ही तीन चिन्हं स्पष्ट असतील, आत पडदे नसतील आणि माणसाला त्रास नसेल, तर पुढे काहीही करायचं नाही. यकृताच्या अभ्यासकांच्या युरोपीय संघटनेने २०२२ साली यकृतातल्या अशा गाठींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत हे स्वच्छ लिहिलं आहे: त्रास न देणाऱ्या साध्या गाठीसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहण्याची गरज नाही. कामगाराचा अर्धा दिवसाचा पगार, तपासणीचे पैसे आणि घरच्यांची काळजी, हे सगळं त्या एका वाक्याने वाचतं.

साधी गाठ फार मोठी झाली, जेवण गेलं की पोट दडपू लागलं, तर मात्र उपाय करावा लागतो. नुसतं पाणी काढलं तर गाठ पुन्हा भरते. म्हणून पाणी काढल्यावर आतलं अस्तर मारणारं औषध सोडतात, किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गाठीचं वरचं छत कापून ती पोटात मोकळी करतात. हे सगळं ठीक आहे, मात्र गाठ खरोखरच साधी असेल तरच.

आता या पुस्तिकेच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे त्या थोड्या गाठींकडे वळतो ज्या साध्यासारख्या दिसतात पण तशा नसतात. त्यांत आपल्या मातीशी सगळ्यात जवळचं नातं असलेली गाठ हायडॅटिडची. तिच्यावर या पुस्तिकेची सर्वाधिक पानं खर्ची पडली आहेत आणि ते जाणूनबुजून केलं आहे.

ही गाठ करतो एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा फक्त काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. मेंढी, शेळी, गाय, म्हैस चरताना ती गिळते आणि तिच्या यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. जनावर कापलं, गाठीचं यकृत कुत्र्यापुढे फेकलं, की चक्र पूर्ण होतं. माणूस या चक्रात चुकून शिरतो. न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्याच्या पाल्यातून, कुत्र्याच्या अंगावरून हाताला आणि हातावरून तोंडात ती अंडी येतात. साधारण दहातल्या सात रुग्णांत गाठ यकृतात बसते, दोघांत फुफ्फुसात, उरलेल्यांत प्लीहा, किडनी, क्वचित हाड किंवा मेंदूत. मटण खाल्ल्याने हा आजार होतो असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. गाठ असलेली कलेजी माणसाने खाल्ली तरी त्यातून माणसाला हायडॅटिड होत नाही, कारण माणसाला लागण होते ती कुत्र्याच्या पोटातून आलेल्या अंड्यांमुळेच. चिकनच्या दुकानाबाहेरच्या कचऱ्यावरही बोट ठेवलं जातं. त्या कचऱ्याचे इतर त्रास असतील, पण हा कृमी कोंबडीत वाढत नाही.

गाठ हळूहळू वाढते आणि वर्षानुवर्षं गप्प राहते. आपल्या पट्ट्यातल्या डॉक्टरांसाठी या एका गोष्टीत फार मोठा अर्थ आहे. समोर बसलेला पस्तिशीतला वेल्डर गेली दहा वर्षं चिखलीत राहत असेल आणि त्याच्या आधार कार्डावर पत्ताही तिथलाच असेल. पण अंडं पोटात गेलं तेव्हा तो कदाचित बीडच्या एखाद्या गावात म्हशी राखत होता, किंवा पारनेरच्या माळावर वडिलांच्या मेंढरांमागे चालत होता, किंवा राजस्थानात, बिहारमध्ये, पूर्व उत्तर प्रदेशात लहानाचा मोठा होत होता. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून या भागात माणसं येतच आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना तर त्याही आधी, पन्नासच्या दशकात उभा राहिला. एवढ्या माणसांचं आरोग्य आजच्या पत्त्यावरून कळणार नाही. लहानपण कुठे गेलं, घरी कोणती जनावरं होती, कुत्रा होता का, मेंढरांचा वाडा बसायचा का, हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात आणि कधीकधी ते सीटी स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातात.

गाव दूर आहे असंही समजू नये. चाकणला आजही आठवड्याचा जनावरांचा बाजार भरतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळच्या शेतांत मेंढ्या बसवल्या जातात आणि राखणीला कुत्री असतात. पण मेंढपाळांकडे बोट दाखवून मोकळं होणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रातल्या जनावरांतल्या गाठींवर झालेले जनुकीय अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जी-३ हा, म्हशींशी जोडला जाणारा प्रकार ठळकपणे पुढे आला. म्हणजे शहराच्या कडेचे गोठे, उघड्यावरची कत्तल आणि मोकाट कुत्री हीसुद्धा या आजाराची घरं आहेत. जत्रेतला बोकड असो किंवा कुर्बानीचं जनावर, गाठी असलेलं यकृत आणि फुफ्फुस कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरणं एवढंच चक्र तोडायला पुष्कळ उपयोगी पडतं. पाळीव कुत्र्यांना प्राझिक्वान्टेल ठराविक अंतराने देत राहिलं, तर दुसरा दुवाही तुटतो. कुत्री मारायची काही गरज नाही.

अशाने आजार खरंच हटतो का, असा प्रश्न विचारला जातो. आइसलँडचं उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे हायडॅटिड फार होता. माणसं, मेंढ्या आणि कुत्री लांबच लांब हिवाळ्यात एकाच छताखाली राहत. हॅराल्ड क्राबे हा डॅनिश पशुवैद्य १८६३ साली तिथे गेला, त्याने कुत्र्यांची आतडी तपासली आणि १८६४ साली आइसलँडिक भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघर फुकट वाटली गेली. कुत्र्यांना काय द्यायचं, मेंढीच्या गाठींचं काय करायचं, हे त्यात साध्या शब्दांत होतं. लोक वाचणारे होते, त्यांनी ते मनावर घेतलं, पुढे कायदेही झाले, आणि काही दशकांत नवी लागण जवळजवळ थांबली. तिथे त्या काळात माणसाच्या गाठीवर औषध नव्हतं, सोनोग्राफी नव्हती. लोकांच्या भाषेतली एक पुस्तिका होती. आमच्या या पुस्तिकेने त्याचा शतांश जरी साधला तरी मी समाधानी असेन.

आता निदान. हायडॅटिड गाठीचं वय आणि स्वभाव सोनोग्राफीत दिसतो. गार्बी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली पहिली व्यवस्थित वर्गवारी दिली. त्यावरून पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ती सुधारून २००३ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या अवस्थेत, म्हणजे सीई १ मध्ये, एकच पोकळी असते आणि तळाशी बारीक कण असतात. तपासताना रुग्णाला कूस बदलायला लावली की ते कण हलतात. हे पाहायला खर्च काहीच नाही, आणि साध्या गाठीत हे होत नाही. सीई २ मध्ये मोठ्या गाठीच्या पोटात पिल्लू गाठी भरलेल्या असतात. डाळिंब फोडल्यावर दाणे दिसावेत तशा. सीई ३ ‘अ’ मध्ये आतला पडदा सुटून पाण्यात तरंगताना दिसतो, आणि सीई ३ ‘ब’ मध्ये घट्ट गाळात पिल्लू गाठी असतात. सीई ४ आणि सीई ५ या थकलेल्या अवस्था, गाठ आतून घट्ट होते आणि शेवटी तिच्यावर चुना चढतो.

या क्रमाला इतकं महत्त्व अशासाठी, की उपचार अवस्थेवरून ठरतो. सीई ४ आणि सीई ५ मध्ये त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवायचं. सीई १ आणि सीई ३ ‘अ’ची गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा अल्बेंडाझोल पुरतं. मोठी असेल तर औषधाच्या जोडीने पेअर नावाची पद्धत वापरतात. सोनोग्राफीत पाहत यकृताच्या आतून सुई घालायची, पाणी काढायचं, कृमी मारणारं द्रव सोडायचं आणि थोड्या वेळाने ते परत ओढून घ्यायचं. ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी ही पद्धत ऐंशीच्या दशकात रूढ केली. सीई २ आणि सीई ३ ‘ब’ मध्ये पिल्लू गाठींमुळे ती फसते, तिथे शस्त्रक्रिया किंवा जाड नळीने आतलं सगळं काढणं हाच मार्ग राहतो. शस्त्रक्रियेत आपल्या देशानेही भर घातली आहे, कोइमतूरच्या डॉ. सी. पलनिवेलू यांनी दुर्बिणीतून गाठीचं पाणी पोटात न सांडता ओढून घेणारं खास उपकरण बनवलं.

पोटात न सांडता, हे तीन शब्द इथे फार मोलाचे आहेत. गाठीतलं पाणी दाबाखाली असतं, आणि त्यातला प्रत्येक कृमीकण नवी गाठ करू शकतो. ते पोटात सांडलं तर काही वर्षांनी पोटभर गाठी उगवतात. त्याहून तातडीचं म्हणजे त्या पाण्याने अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊ शकतं, रक्तदाब कोसळतो. म्हणून ओळख न पटवता, अल्बेंडाझोल सुरू न करता, भूलतज्ज्ञ आणि अ‍ॅड्रेनालिन हाताशी नसताना अशा गाठीत सुई घालायची नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर मोटरसायकल घसरून पोटाला मार लागलेला जवान माणूस येतो, अंगावर गांधी उठलेल्या असतात आणि रक्तदाब इतका खाली का, याचा हिशेब रक्तस्रावाने लागत नाही, तेव्हा फुटलेल्या हायडॅटिडची आठवण ठेवावी. अशा वेळी रक्ताच्या बाटलीइतकीच अ‍ॅड्रेनालिनची गरज असते. गाठ पित्तनलिकेत फुटली तर चित्र वेगळं असतं: कावीळ, थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत कळ. तिथे आधी एंडोस्कोपीने पित्ताचा मार्ग मोकळा करावा लागतो. आणि पित्ताशी जोडलेल्या गाठीत कृमीमारक द्रव सोडलं तर पित्तनलिका कायमच्या आखडू शकतात, हे सुई घालणाऱ्याने आधीच पाहून घ्यायला हवं.

रक्ताच्या चाचणीवर अति भरवसा नको. हायडॅटिडसाठीची अँटिबॉडीची एलायझा चाचणी उपयोगी आहे, पण कोवळ्या आणि थकलेल्या गाठींत ती निगेटिव्ह येऊ शकते आणि डोक्यात फीतकृमीच्या गाठी असलेल्या माणसात उगीच पॉझिटिव्हही येऊ शकते. जुनी कासोनीची कातडीवरची चाचणी आता इतिहासजमा झाली आहे.

अल्बेंडाझोल म्हटलं की सगळ्यांना शाळेतली जंताची गोळी आठवते, वर्षातून एकदोनदा चघळायची. हायडॅटिडमध्ये ती दिवसातून दोनदा, मोठ्या माणसाला साधारण ४०० मिलिग्रॅम, आणि महिनोन्‌महिने घ्यावी लागते. तेल-तुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर ती रक्तात कितीतरी जास्त उतरते. उपाशीपोटी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला हे नीट बसवून द्यावं लागतं: रात्रपाळीला डब्याबरोबर एक, सकाळी घरी परतल्यावर न्याहारीबरोबर एक. यकृताचे एन्झाइम आणि रक्तपेशी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी तपासायच्या. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हे औषध टाळायचं. आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानातली स्वस्त बाटली माणसासाठी कधीही वापरायची नाही.

हायडॅटिडनंतर ज्या गाठीची मला सर्वाधिक काळजी वाटते ती म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम, जुन्या पुस्तकांतलं बिलिअरी सिस्टॅडिनोमा. ती जवळजवळ नेहमी बायकांत सापडते, बहुधा चाळिशी-पन्नाशीत आणि यकृताच्या डाव्या बाजूला. तिच्या भिंतीत बीजकोशासारखा पेशीथर असतो आणि २०१० पासून तोच तिची खूण मानला जातो. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते, पण काहींत पुढे कॅन्सर होतो. सोनोग्राफीत आत पडदे दिसतात. पडदे जाड आणि त्यावर गुठळी असेल तर संशय वाढवायचा आणि एमआरआय करायचा. इथे सुईने पाणी काढणं किंवा छत कापणं हा उपाय होत नाही, कारण अस्तर मागे राहतं आणि गाठ परत येते. पूर्ण गाठ यकृताच्या थोड्या भागासह काढावी लागते. एखाद्या बाईची ‘साधी गाठ’ एकदा रिकामी केली, वर्षभराने ती परत भरली आणि आत पडदे आले, तर दुसऱ्यांदा सुई घेण्याआधी थांबायला हवं. सीए १९-९ ही चाचणी इथे फारशी मदत करत नाही. ती निव्वळ साध्या गाठीतही वाढलेली आढळते, आणि त्या एका आकड्याने पुष्कळ कुटुंबं उगीच हादरून जातात. ती लिहून देताना दहादा विचार करावा, असं मला ठामपणे वाटतं.

केसांकुर असलेली एक अगदी विरळ गाठ आहे, सिलिएटेड हेपॅटिक फोरगट सिस्ट. फ्रीडराइख यांनी १८५७ साली तिचं वर्णन केलं, हे नाव तिला १९८४ मध्ये मिळालं. गर्भात श्वासनलिका आणि अन्ननलिका घडवणाऱ्या नळीचा तुकडा यकृतात अडकून राहतो, त्यामुळे तिच्या आतलं अस्तर श्वासनलिकेच्या अस्तरासारखं असतं. ती लहान असते, यकृताच्या पृष्ठभागालगत, बहुधा मधल्या चौथ्या भागात. आतला द्रव घट्ट असल्याने सीटीत ती भरीव गाठ वाटू शकते. क्वचित तिच्यातून कॅन्सर झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मोठी असेल किंवा बदलत असेल तर काढून टाकतात.

एक गाठ असणं आणि यकृतभर गाठी असणं या निराळ्या गोष्टी आहेत. दहापेक्षा जास्त गाठी दिसल्या तर किडन्या पाहाव्यात, रक्तदाब मोजावा आणि आईवडील-भावंडांची चौकशी करावी. पॉलिसिस्टिक किडनीच्या आनुवंशिक आजारात मोठेपणी बहुतेकांच्या यकृतात गाठी होतात, आणि किडन्या ठीक असून फक्त यकृतात गाठी होणारा प्रकारही आहे. त्याच्याशी जोडलेली पीआरकेसीएसएच आणि एसईसी६३ ही जनुकं २००३-०४ च्या सुमारास सापडली. बायकांत इस्ट्रोजेनमुळे या गाठी जास्त वाढतात, तेव्हा पाळणा लांबवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या बंद करून दुसरा उपाय सुचवणं हे फॅमिली डॉक्टरांचं काम आहे. पोट इतकं वाढतं की लोक ‘कितवा महिना?’ असं विचारतात. त्या प्रश्नाने बाईला होणारा त्रास कुठल्याही स्कॅनवर उमटत नाही. रक्तातल्या यकृताच्या चाचण्या मात्र अखेरपर्यंत चांगल्या राहतात, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असं म्हणून अशा बाईला परत पाठवू नये. लॅनरिओटाइडसारख्या औषधांनी काहींत यकृताचा आकार थोडा कमी होतो. अगदी टोकाच्या अवस्थेत यकृतप्रत्यारोपणच उरतं.

लहान मुलांच्या पित्तनलिकांच्या गाठींचं प्रकरण छोटं आहे, पण वगळता येण्यासारखं नव्हतं. तोदानी यांची १९७७ सालची वर्गवारी आजही चालते, आणि यकृताच्या आतल्या नलिका फुगणारा जॅक कारोली यांनी १९५८ साली वर्णिलेला आजार तिच्यात पाचव्या क्रमांकावर बसतो. मुलाला पुन्हा पुन्हा ताप आणि कावीळ येत असेल तर ‘कावीळ उतरवणाऱ्या’ झाडपाल्यात वर्ष घालवू नये. पूर्वी अशी गाठ फक्त आतड्याला जोडून देत. मागे राहिलेल्या भिंतीत पुढे कॅन्सर होतो हे दिसल्यावर ती काढून टाकण्याची पद्धत आली. ज्यांची जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया लहानपणी झाली, अशी माणसं आज मध्यम वयाची आहेत आणि त्यांनी तपासणी चालू ठेवायला हवी.

या सगळ्यांपासून वेगळं ओळखायला हवं ते यकृतातलं गळू. आपल्या पट्ट्यात ते विरळ नाही. अमिबाचं गळू दारू पिणाऱ्या तरुण पुरुषांत विशेष आढळतं. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, खांद्यात कळ. सोनोग्राफीत ते पाण्याच्या गाठीसारखं भासू शकतं. त्यावर मेट्रोनिडाझोल लगेच सुरू करायचं, आणि गरज पडली तर तिथे सुईने पू काढणं हितकारक असतं. एका आजारात सुई जीव वाचवते आणि दुसऱ्यात तीच जिवावर बेतू शकते, म्हणूनच आधी ओळख पटवण्याचा एवढा आग्रह. एक सूचना मुलांच्या डॉक्टरांसाठी: शाळकरी मुलाच्या यकृतातली मोठी गाठ सीटीत पाण्याची आणि सोनोग्राफीत भरीव दिसत असेल, तर एम्ब्रायोनल सार्कोमाचा विचार करावा. दोन यंत्रांचं असं पटलं नाही, तर जास्त भारी यंत्रावर आपोआप विश्वास टाकायचा नसतो.

पैशांचा प्रश्न बाजूला ठेवून आपल्या भागात कुठलाही उपचार पुरा होत नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. काँट्रॅक्टवर असला तरी येतो, हे त्यालाच बऱ्याचदा ठाऊक नसतं. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पिंपरीतली वैद्यकीय महाविद्यालयं, पुण्याचं ससून, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे मार्ग आहेत, आणि परराज्यातून आलेल्याकडे गावचं आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेतल्या इथल्या रुग्णालयांतही चालतं. कुठल्या गाठीसाठी कुठे आणि कोणते कागद घेऊन जायचं, हे एका प्रकरणात सविस्तर दिलं आहे.

कागदांचं एक खास दुखणं आहे. कामगाराची तपासणी कंपनी करते, रिपोर्ट कंपनीच्या आरोग्य केंद्रात राहतो आणि त्याच्या हातात ‘फिट’चा शिक्का येतो. ठेकेदार बदलला की जुना रिपोर्ट मागे राहतो. पण दोन वर्षांपूर्वी गाठ केवढी होती हे कळलं, तर आजच्या गाठीबद्दल अर्धं उत्तर मिळतं. चार सेंटिमीटरची गाठ चारच राहिली आणि आत काही बदललं नाही, तर घाबरण्याचं कारण फार कमी उरतं. तेव्हा सोनोग्राफीच्या फिल्मची एक प्रत कामगाराने स्वतः मागून घ्यावी, आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी ती न मागता द्यावी. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक तक्ता छापला आहे: तारीख, गाठीची जागा, माप, सोनोग्राफीतली अवस्था, दिलेलं औषध, रक्ततपासणीचे आकडे आणि लहानपणीचं गाव. तो डॉक्टरांनी भरावा, मूळ प्रत रुग्णाला द्यावी आणि आपल्याकडे झेरॉक्स ठेवावी.